त्रेचाळीस निषिद्ध नावे

२६ जून २००८, गुरुवार. सायंकाळी ५.

शाळा आज उघडली. माझ्या सेवानिवृत्तीस नऊ वर्षे झाल्यानंतर मुख्याध्यापक भुवनेश्वर बिसेन स्वतः घरी आला. (माझाच विद्यार्थी, सातवीची १९७३ची तुकडी. ‘आशीर्वाद’ अजूनही ऱ्हस्व लिहितो.) शासनाचे परिपत्रक आले आहे की, ज्या मुलांना इतर मुले छळतात, चिडवतात, अथवा जी वारंवार शिक्षेस पात्र ठरतात, त्यांच्यासाठी प्रत्येक शाळेत समुपदेशन कक्ष असावा. शिक्षक मोकळे नाहीत. गावात मोकळा मी एकटाच, असे त्याने वेगळ्या शब्दांत सुचवले. मानद पद. आठवड्यातून तीन दिवस. जागा: नकाशांची जुनी खोली.

दारावरची पाटी मी स्वतः लिहीन, या एका अटीवर होकार दिला.

संकल्प: दिवाळीच्या सुट्टीपूर्वी या शाळेतून चिडवाचिडवीचे समूळ उच्चाटन. ‘समूळ’ हा शब्द विचारपूर्वक योजला आहे.

पत्नी सौ. सुशीलाबाईंस वार्ता सांगितली. त्या म्हणाल्या, “लेकरायचं आयकून घ्याचं काम हाय ना? मंग तुमाले काऊन देल्लं?” मी पाटीचा मसुदा करायला बसलो.

१ जुलै, मंगळवार.

समुपदेशकांसाठीची शासकीय पुस्तिका मिळाली. पृष्ठे चौसष्ट. शुद्धलेखनाच्या चुका एकशे अठरा. सर्व लाल शाईने दुरुस्त करून, सोबत सविनय पत्र जोडून, वरिष्ठ कार्यालयास परत पाठवली. या कामात चार दिवस गेल्याने आशय वाचण्यास सवड मिळाली नाही. तथापि जो लेखक ‘सहानुभूती’ तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहितो, त्याचा आशय तो काय असणार?

कक्षाची नियमावली भिंतीवर लावली. नियम अकरा. पैकी पहिला: तक्रार लेखीच असावी, समास सोडावा, विषय लिहावा, खाडाखोड नसावी.

४ जुलै, शुक्रवार.

पहिली तक्रार! सहावीतील गुड्डू धापा टाकीत आला. त्याचे शब्द चुकांसह नोंदवतो: “गुर्जी, थे दोघं मले मारून राह्यले! आत्ता मारून राह्यले! भाईर उभे हायेत!” मी शांतपणे नियम पहिला दाखवला. तो लिहून घेऊन आला. नऊ चुका. दुरुस्त करून परत दिली. पुन्हा आला, चार चुका. तिसरी प्रत निर्दोष होती. परंतु ती टेबलावर ठेवून तो निघून गेला, मला त्यास शोधावे लागले. पाहतो तो मारणारे दोघे व गुड्डू एका पेरूचे तीन भाग करीत होते. मी तक्रारीची प्रत पुढे केली, तर म्हणाला, “थे त झालं ना गुर्जी, सकाडीच.”

निष्कर्ष: लेखनाने राग शमतो. माझी पद्धत सिद्ध झाली. नोंदवहीत ‘निकाली’ असे लिहिले.

२५ जुलै, शुक्रवार.

गेल्या तीन आठवड्यांत तक्रारी शून्य. चौकटीच्या कागदावर आलेख काढला. रेषा अशी सरळ खाली येते की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. भुवनेश्वरास दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला व “वा सर” एवढेच म्हणाला. भारावला असावा.

घरी सुशीलाबाईंस दाखवला. म्हणाल्या, “अजी, धानाचा रोवणा चालू हाय. अर्धी शाळा बांधीत परे लावून राह्यली. शाळेत लेकरंच नाई त तक्रार का भिंत करन?”

स्त्रियांस आलेख समजावून देणे कठीण.

५ ऑगस्ट, मंगळवार.

आज आठवीतील रिंकी आली. हीरालाल पटले यांची कन्या. वयाच्या मानाने विलक्षण उंच. कक्षाच्या दारातून येताना वाकली. दार तितके खुजे नाही. वाकण्याची तिला सवय जडली असावी. बाकावरही खांदे आत ओढून बसली, जणू स्वतःची घडी घालत होती.

म्हणाली, “सर, मी लिहून नाई देत. सांगू का?” मी नियम पहिला वाचून दाखवला. “मंग राहू द्या,” म्हणत उठली. का कोण जाणे, मी तिला थांबवले आणि आयुष्यात प्रथमच माझ्याच नियमास अपवाद केला.

हकीकत अशी. पंचायतीमागे गेल्या वर्षी मोबाइलचा मनोरा उभा राहिला. तेव्हापासून तिच्या वर्गातील रुची (हजेरीपटात ‘रुचि’, दोनदा सुधारून दिले) व तिच्या दोन मैत्रिणी हिला ‘टावर’ म्हणतात. ही उभी राहिली की तिघी मूठ कानाशी धरतात. “हॅलो, हॅलो, आता रेंज आली.” ही फळ्यापाशी गेली की, “आता गेली.” रिंकी म्हणाली, “म्हून मी उत्तर येत असलं तरी उभी नाई राहत. थे लय हासतेत.”

“हसतात,” मी म्हणालो.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. जाताना एवढेच म्हणाली, “कोणाले सांगू नका, सर. आतापर्यंत तिघीच म्हणतेत.” मी शब्द दिला की तिचे नाव माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. आणि मी शब्दाचा पक्का आहे.

संकल्प: हिच्यासाठी काहीतरी भव्य करायचे.

११ ऑगस्ट, सोमवार.

भव्य ते सुचले. योजनेचे नाव: उपनामबंदी. रोगाची नावे ठाऊक झाल्यावाचून औषध नाही. शिपाई छोटेलाल याजकडून पत्र्याच्या डब्यास भोक पाडून घेतले. शाळेत कोण कोणास काय म्हणते, ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावे. चिठ्ठीवर स्वतःचे नाव नको. तीन दिवसांत डबा दोनदा रिकामा करावा लागला. एवढा प्रतिसाद शाळेत आजवर कशासही मिळालेला नाही. छोटेलाल म्हणतो, काही मुले चिठ्ठी टाकायला पुन्हा पुन्हा रांगेत लागत होती. उत्साह, दुसरे काय!

उपनामे एकूण त्रेचाळीस. वर्णानुक्रमे यादी केली: ... किरकिरी, कोंबडा, चिपटी, टावर, ढोल, पापड, बकरी ... गोपनीयता कटाक्षाने पाळली आहे. कोणाचेही नाव दिलेले नाही. केवळ इयत्ता, रांग व बाक.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

उद्या ध्वजवंदनानंतर मी यादी वाचणार, म्हणजे सर्वांस एकाच वेळी कळेल की कोणते शब्द यापुढे निषिद्ध आहेत. भुवनेश्वर कक्षात आला, दार लोटून बसला. म्हणाला, “सर, यादी वाचू नका. नाव एकदा चिकटलं की निघत नाही.” मी म्हणालो, तुला काय अनुभव? तो खाली पाहत म्हणाला, “सातवीत तुम्ही मला ‘मठ्ठेश्वर’ म्हणत होते. पस्तीस वर्षं झाली. परवा बायकोच्या माहेरी एक जण तेच म्हणाला, सगळ्यांदेखत.”

ते चिडवणे नव्हते. ते अध्यापन होते. पस्तीस वर्षांपूर्वीचा शब्द मनात धरून बसणे हा कोतेपणा आहे, असे त्यास सौम्यपणे सांगितले.

यादीची सुवाच्य प्रत काढली. मोठ्या अक्षरांत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १.

अभूतपूर्व यश.

सर्व विद्यार्थी उपस्थित. रोवणा आटोपल्याने पालकही. ध्वनिक्षेपक उत्तम. मी प्रत्येक उपनाम दोनदा उच्चारले, जेणेकरून शेवटच्या रांगेसही स्पष्ट ऐकू जावे. पुढे इयत्ता, रांग व बाक. ‘टावर’ या शब्दाशी क्षणभर थांबलो, कारण तो अशुद्ध आहे. म्हणालो: “टावर नव्हे, टॉवर, आणि शुद्ध मराठीत मनोरा. हे तिन्ही शब्द आजपासून निषिद्ध.” पळवाट उरू दिली नाही.

श्रोत्यांचा प्रतिसाद हर्षोत्फुल्ल. प्रत्येक नावागणिक टाळ्या, आनंदाचे चीत्कार. मागच्या बाजूस उभे असलेले दोन गृहस्थ डोळे पुसत होते. भुवनेश्वराने मात्र कपाळावर हात ठेवला होता. ऊन फार होते.

यादी सूचनाफलकावर लावून घरी आलो. सुशीलाबाई मंडपात मागे उभ्या होत्या. जेवताना म्हणाल्या, “थे उंच पोरगी खाऊ भेटाच्या आधीच निघून गेली. तोंड पदरात... नाई, ओढणीत घालून.”

उष्णतेचा त्रास अनेकांस झाला.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

रिंकी अनुपस्थित. कालही नव्हती. तिची अडचण दूर झाल्याने तिला कक्षात यावेसे वाटत नसावे. तथापि वर्गातही नाही.

शाळेतील वातावरण चैतन्यमय. मधल्या सुट्टीत सूचनाफलकाभोवती एवढी गर्दी की छोटेलालास काठी घेऊन उभे राहावे लागते. मुले यादी पाठ करीत आहेत. पाचवीच्या एका मुलास विचारले, ढोल म्हणजे कोण? त्याने अचूक सांगितले: “सातवी, दुसरी रांग, तिसरा बाक.” पंधरवड्यापूर्वी या मुलास सातवीत कोण बसते हे माहीत नव्हते. स्मरणशक्तीचा केवढा विकास!

बाजूने दोन मुले गेली. एक दुसऱ्यास म्हणाला, “मनोरा नाई आला आज बी.” उच्चार निर्दोष होता. मी अडवले नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.

बसथांब्यावर हीरालाल पटले भेटले. नमस्कार न करता म्हणाले, “गुरुजी, मोठा उपकार केला तुमी.” मी संकोचून म्हटले, कर्तव्य होते. ते म्हणाले, “माझ्या पोरीले एक नाव होतं, थे तिघीयच्या तोंडात होतं. तुमी तीन देल्ले आन् गावाच्या तोंडात देल्ले. काल कंडक्टर म्हणते, मनोऱ्याचे बाबा, तिकीट घ्या.”

मी म्हणालो, उपनामास विरोध करणारी ही देशातील पहिलीच योजना असावी. ते म्हणाले, “पोरगी तोंड धुवाले भाईर येत नाई. पोळा झाला का तिले लांजीले मामाकडे सोडतो. शिकली तेवढी बस झाली.”

लांजीस, राज्याच्या सीमेपलीकडे, चांगल्या शाळा असतील. हिंदी माध्यमाच्या.

आज रोजनिशीत अधिक लिहवत नाही. टाक बिघडला आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार.

हीरालालांच्या घरी स्वतः गेलो. उपाय: प्रत्यक्ष समुपदेशन. रिंकी आतल्या खोलीत होती, दार लावून. तिच्या आई रुख्माबाईंनी खाट टाकली, चहा दिला. मी बंद दारास उद्देशून ‘उंचीचे महत्त्व’ या विषयावर बोललो. मुद्दे: पर्वत, ताडवृक्ष, ध्वजस्तंभ, दीपगृह. पन्नास मिनिटे. एकही वाक्य अपूर्ण सोडले नाही. दीपगृहापाशी आतून कडी लावल्याचा आवाज आला. म्हणजे तोवर दार नुसतेच लोटलेले होते.

रुख्माबाई मला पोचवायला अंगणापर्यंत आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, बोलाचं नोहोतं जी. बसाचं होतं जरासक.”

वाक्यरचना सदोष होती. घरी येईपर्यंत तीच डोक्यात घोळत राहिली.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

रुची कक्षात घुसली. परवानगी नाही, नमस्कार नाही. डोळे लाल. “तुमी बकरी काऊन टाकलं यादीत? मले फक्त घरी आजी म्हणत होती! आता पाचवीचे पोट्टे में में करतेत!” म्हणजे बकरी, आठवी, मुलींची दुसरी रांग, ही रुची. मला कल्पना नव्हती. मी बाक पाहिले होते, मुली नव्हे. तिला सांगितले की यादी वर्णानुक्रमे आहे, कोणाविषयी आकस नाही. तिने भिंतीवरच्या अकरा नियमांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तुमाले कोणी चिडवलं नाई का कधीच?”

चाळीस वर्षे मी प्रश्न विचारीत आलो. असा प्रश्न उलट कोणी विचारला नव्हता. लहानपणी शाळेत पहिल्या दिवशी मी पोवारीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, पाणी मागितले होते आणि वर्ग हसला होता, हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

ती वर्गात न जाता फाटकाबाहेर पडली. छोटेलाल सांगतो, थेट रिंकीच्या घरी गेली, आणि कडी उघडली गेली. माझ्या दीपगृहाचा परिणाम उशिरा का होईना, झाला असावा.

छोटेलाल आणखी सांगतो की सायंकाळपर्यंत त्या घरी आठ-दहा मुले जमली होती. सर्व यादीतील.

३० ऑगस्ट, शनिवार. पोळा.

बैल सजले, पुरणपोळी झाली. सुशीलाबाई दुपारी वालाच्या शेंगा पदरात घेऊन हीरालालांकडे गेल्या, दिवेलागणीस परतल्या. मी विचारले, मुलीस काय उपदेश केला? म्हणाल्या, “काई नाई. शेंगा निसल्या.” आणखी काय? “थे बोलल्या, मी निसल्या.” थे म्हणजे कोण? “सगडेच. अंगणात जागा नोहोती.” कशाविषयी बोलत होते? यावर त्यांनी मजकडे अशा दृष्टीने पाहिले की मी पुढचा प्रश्न राखून ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.

आज नारबोद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद, म्हणजे काड्याकुड्यांची बाहुली, वेशीबाहेर नेऊन जाळायची, आणि जे जे गावातून जावेसे वाटते ते तिच्यासोबत ओरडून धाडायचे: माशी, मच्छर, खोकला, खरूज. घरोघरचा मोडका झाडू, फुटके सूप तिच्यावर टाकण्याची आमच्याकडे रीत.

साडेपाचला गलक्याने जाग आली. दरवर्षी पाच-सात पोरे असतात. यंदा गल्ली भरली होती. अग्रभागी रिंकी. नारबोदेचा बांबू तिच्या हातात होता आणि ती ताठ उभी होती. प्रथमच लक्षात आले की ती किती उंच आहे. नारबोद सर्वांच्या डोक्यांवरून, आमच्या ओसरीच्या पन्हाळीच्याही वर दिसत होती. शेजारी रुची. तीच आरोळी देत होती व बाकीचे मागून म्हणत होते:

“ढोल घेऊन जा गे नारबोद!”

“पापड घेऊन जा गे नारबोद!”

“बकरी घेऊन जा गे नारबोद!” हे रुचीने सर्वांत मोठ्याने म्हटले व नंतर स्वतःच हसू लागली.

“टावर, टॉवर, मनोरा, तिन्ही घेऊन जा गे नारबोद!” हे रिंकी स्वतः म्हणाली. बांबू हवेत उंच करून.

मी मोजत होतो. बेचाळीस, त्रेचाळीस. वाटले, झाले. मिरवणूक आमच्या दारासमोर थांबली. सुशीलाबाईंनी मोडका झाडू टाकला. तरी कोणी हलेना. गुड्डू मागून ओरडला, “गुर्जीची यादी घेऊन जा गे नारबोद!” आणि सारी गल्ली तेच म्हणू लागली. लहान, मोठे, दोन पालक, छोटेलाल. गर्दीच्या कडेस भुवनेश्वरही होता. तो म्हणत नव्हता. ओठ मात्र हलत होते, आणि माझ्या दृष्टीस दृष्टी भिडताच त्याने एक नाव हळूच, अगदी हळूच म्हटले. यादीत ते नव्हते. चव्वेचाळिसावे.

शाळेत प्रथमच चिडवणारे व चिडवले जाणारे एका रांगेत उभे होते. ही एकजूट मी घडवून आणली, यात शंका नाही. त्यांना एकत्र आणणारा विषय मी होतो.

फलकावरील प्रत त्यांनी आधीच आणली होती. मूळ प्रत माझ्या कपाटात होती. रिंकीने हात पुढे केला. “सर, थे बी द्या.” मी आत गेलो, यादी आणली. देताना सतराव्या ओळीत वेलांटीची एक चूक दिसली. माझ्या स्वतःच्या हातची. टाक आत होता.

गेलो नाही. दिली.

१ सप्टेंबर, सोमवार.

हीरालाल बैलांना पाणी दाखवत होते. लांजीविषयी विचारले. म्हणाले, “कायची लांजी? सकाडीच शाळेत पडाली थे.” ‘पळाली’ असे सुचवण्याची इच्छा झाली. नमस्कार करून निघालो.

८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ३.

कक्षात गेले काही दिवस भरपूर उपस्थिती. मधल्या सुट्टीत रिंकी, रुची व आणखी सात-आठ मुली येतात, बाकांवर बसून डबे खातात, आपसांत बोलतात, खिदळतात. मी नोंदवही उघडून बसतो. आज न राहवून रिंकीस विचारले, काही तक्रार आहे का? ती म्हणाली, “नाई जी.” मग इथे कशासाठी येता? माझे ऐकावे असे वाटते म्हणून का? मुलींनी एकमेकींकडे पाहिले. रिंकीस खोटे बोलणे जमत नसावे. तिने वर बोट दाखवले.

“इथं पंखा हाय, सर. आमच्या वर्गातला बिघडला.”

हाय. हा शब्द तसाच राहू दिला. खुर्ची थोडी बाजूस सरकवली, म्हणजे वारा त्या बाकापर्यंत जाईल.

भुवनेश्वराने वरिष्ठ कार्यालयास पाठवायचा तिमाही तक्ता भरण्यास दिला आहे. इतर रकाने भरले. शेवटचा उरला होता: ‘विद्यार्थी समुपदेशन कक्षाकडे येण्याचे प्रमुख कारण.’ तासभर विचार केला. कच्च्या कागदावर सहा वाक्ये लिहिली, सर्व निर्दोष, सहाही खोडली. अखेर रकान्यात एकच शब्द लिहिला.

पंखा.

दोनदा तपासला. चूक सापडली नाही.